प्युरिटन शोककविता : प्रवचन, बंड की तिसरंच काही?

अर्धविराम (धागाकर्ती)

स्त्रियांच्या लेखनाच्या धाग्यावर अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट या सतराव्या शतकातल्या प्युरिटन (कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट पंथाच्या) कवयित्रीचा विषय निघाला आणि पार भरकटला, म्हणून हा वेगळा धागा.

तिथे दोन तट पडले होते. एकाचं म्हणणं, या कविता म्हणजे यमकात बसवलेलं प्रवचन: घर जळालं, नातवंडं गेली, तरी देव भला. दुसऱ्याचं म्हणणं, बाई आतून बंडखोर होती, शेवटच्या ओळी नुसत्या चर्चच्या धाकाने चिकटवल्यात. मला दोन्ही पटत नाही. शोक पूर्ण बोलून दाखवणं ही त्या श्रद्धेचीच रीत होती. तो गिळला असता तर उलट संशय आला असता.

ओळख थोडक्यात. जन्म १६१२, इंग्लंड. सोळाच्या आसपास लग्न. १६३० मध्ये 'आर्बेला' जहाजातून वडील आणि नवऱ्याबरोबर मॅसॅच्युसेट्समध्ये सेलमला. पहिला संग्रह १६५० मध्ये लंडनला छापला, तोही मेहुण्याने हस्तलिखित नेऊन. आठ मुलं, आठही हाताशी आली. मृत्यू १६७२.

आता १० जुलै १६६६ च्या रात्री अँडोवरचं राहतं घर जळालं, त्यावरची कविता घ्या. ५४ ओळी, २७ द्विपदी, ओळीत चार आघात. भाग पाडून बघा:

ओळी १ ते १२: आरडाओरडा, दचकून उठणं, देवाचा धावा, बाहेर येऊन जळतं घर बघणं.
ओळी १३ ते २०: देणाऱ्या-नेणाऱ्याचं नाव धन्य. होतं ते त्याचं, माझं कधीच नव्हतं. सगळं नेलं असतं तरी न्यायच झाला असता.
ओळी २१ ते ३६: पडक्या जागेवरून जाताना डोळे आपोआप तिकडे वळतात. इथे ट्रंक होती, तिथे पेटी. या छपराखाली आता पाहुणा बसणार नाही, या टेबलावर घास खाल्ला जाणार नाही.
ओळी ३७ ते ५४: स्वतःच्या मनाची खरडपट्टी, आणि वरचं कायमचं घर.

नुसतं प्रवचनच द्यायचं असतं तर कविता २० व्या ओळीला संपली होती. सिद्धांत तिथे पुरा झालाय. पुढच्या १६ ओळी ती परत राखेत जाते, आणि एकदाच नव्हे: २१ व्या ओळीत 'अनेकदा' असं स्पष्ट आहे. म्हणजे रात्रीची शरणागती खरी होती, पण पुरली नाही. शेवटून दुसरी ओळही नीट वाचा. 'मी आता जगावर प्रेम करत नाही' असं विधान तिथे नाही, 'मला करू देऊ नकोस' अशी विनवणी आहे.

---

गोदाकाठ

विभागणी चोख. बायबलचे संदर्भ जोडतो, मराठी बायबलातही लगेच सापडतील. ओळ १४ म्हणजे ईयोब १:२१. ओळ ४० मध्ये मनुष्याच्या बाहूवर भिस्त ठेवल्याचा ठपका आहे, तो यिर्मया १७:५ मधला. वरचं घर आणि त्याचा थोर शिल्पकार हे करिंथकरांस दुसरे पत्र ५:१ आणि इब्री ११:१० यांतून आलंय. शेवटची ओळ मत्तय ६:१९-२१.

पण खरी गंमत ३३-३४ मध्ये आहे. तुझ्यात दिवा पुन्हा लागणार नाही, नवरदेवाचा आवाज पुन्हा ऐकू येणार नाही. ही जोडी बायबलात दोन ठिकाणी येते. यिर्मया २५:१० मध्ये ती यहूदावर, म्हणजे देवाच्या स्वतःच्या लोकांवर आलेली शिक्षा आहे. ३३:११ मध्ये नवरदेवाचा आवाज परत येण्याचं आश्वासनही आहे. प्रकटीकरण १८:२३ मध्ये तेच शब्द बाबेलसाठी (देवाने कायमचा नाश ठरवलेल्या पापी नगरीसाठी) आहेत, आणि बाबेलला परतीची वाट नाही. ब्रॅडस्ट्रीटची शब्दयोजना प्रकटीकरणाच्या जवळची आहे: 'तुझ्यात' आणि 'पुन्हा कधीच नाही' दोन्ही तिथलेच.

म्हणजे जिथे जेवली, निजली, गोष्टी ऐकल्या, त्या घराला ती शापित बाबेलचे शब्द लावते. ज्याला हे ठाऊक नाही त्याला या ओळी नुसत्या हळव्या वाटतात. तिच्या वाचकांना मात्र त्या वाचताना धस्स झालं असणार.

---

शमी

पण मग त्यात विरोध नाही का? बाबेलच असेल तर रडायचं कशाला?

---

अर्धविराम

@शमी, तोच तर पेच आहे, आणि तो मुद्दाम उभा केलाय. प्युरिटन शिकवणीत संसारावर प्रेम करणं पाप नव्हतं; नवरा, मुलं, घर ही देवाची देणगीच. पाप होतं ते जीव अडकवणं. दोन्हींतली रेघ कुठे आहे, हे वस्तू जाईपर्यंत कळत नाही. म्हणून नुकसान ही परीक्षा. तिचे टप्पे साधारण असे: काय गेलं ते नावानिशी मांडायचं, त्यात मन किती गुंतलं होतं ते तपासायचं, स्वतःला दटावायचं, मग वचनाकडे वळायचं. दुसरा टप्पा गाळला तर चौथ्याला काही अर्थ उरत नाही. ट्रंक आणि पेटीच्या ओळी म्हणजे तो दुसरा टप्पा.

इब्री १२:५ इथे कळीचं. त्यात दोन चुका एकत्र सांगितल्यात: देवाची शिक्षा हलक्यात घेऊ नको, आणि तिने खचूही नको. कोरड्या डोळ्यांनी 'देवाची इच्छा' म्हणून मोकळं होणं ही पहिली चूक, छाती बडवत बसणं ही दुसरी. कवितेला या दोन्हींच्या मधून जायचं असतं.

तिच्या गद्य चिंतनांत (एकूण ७७, मुलगा सायमनसाठी, १६६४) याला एक घरगुती दाखला आहे. काही मुलांचं अंगावरचं दूध तुटता तुटत नाही. स्तनाला कडू दवणा किंवा मोहरी चोळली तरी ती पुसून टाकतात, नाहीतर कडूगोड एकत्रच पितात. काही ख्रिस्ती माणसंही तशीच, म्हणते. जग कडू झालं तरी सुटत नाही. हे आठ मुलं वाढवलेल्या बाईचं निरीक्षण आहे, धर्मशास्त्राच्या पुस्तकातलं नाही.

---

चष्मिष्ट

सगळं इतकं पद्धतशीर असेल तर मग सायमनवरच्या कवितेचं काय करायचं? नातू, १६ नोव्हेंबर १६६९ ला गेला, वय एक महिना एक दिवस. त्याआधी जूनमध्ये नात अ‍ॅन गेली, तीन वर्षं सात महिन्यांची. त्याआधी ऑगस्ट १६६५ मध्ये एलिझाबेथ, दीड वर्षाची. तिन्ही मुलगा सॅम्युएलची.

सायमनची कविता फक्त १२ ओळींची. चौथ्या ओळीत आधी 'सर्वसमर्थाच्या हाताने खुडली', मग अर्धविराम, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत 'तरी तो भला आहे'. चार शब्द: 'येट इज ही गुड'. आणि हे 'गुड' यमकाला कशाशी बांधलंय? 'बड'शी, म्हणजे खुडलेल्या कळीशी. आजच्या कानाला ते यमक जुळतही नाही. पुढे बघा: त्याच्यापुढे मुके होऊ या, का, ते विचारायचं नको, तो न्यायी तसा दयाळूही आहे असं म्हणू या. 'आहे' नाही, 'म्हणू या'. माझ्या मते इथे तुमचे टप्पे मोडलेत. तपासणी नाही, दटावणी नाही, सरळ तोंड बंद.

शिवाय मुलांना लिहिलेल्या पत्रात तिने स्वतःच कबूल केलंय की सैतानाने शास्त्राच्या खरेपणाबद्दल छळलं, देव आहे की नाही असंही मनात आलं, आणि खात्री पटवणारा एकही चमत्कार आपण पाहिला नाही. नव्या देशात आल्यावर आपलं मन उसळून उठलं होतं, हेही तिनेच लिहिलंय. हे बंड नाही तर काय?

---

गोदाकाठ

तोंड बंद करण्याची ती ओळ विलापगीत ३:२९ ची आहे: तोंड धुळीत घालावं. त्याच वचनात पुढे 'कदाचित आशा असेल' असं आहे. तो 'कदाचित' तिने गाळला, आणि दोनच ओळींनी 'तो परत येईल, सगळं नुकसान भरून देईल' असं ठाम भविष्य घातलं. चष्मिष्ट, हे तुमच्या बाजूचंही आहे आणि विरुद्धही.

---

अर्धविराम

@चष्मिष्ट, 'म्हणू या' वर ताण आहे हे मान्यच. १२ ओळींत चारही टप्पे बसत नाहीत हेही मान्य. जूनमध्ये नातीवरच्या कवितेत (१८ ओळी) ती स्वतःला मूर्ख म्हणते, कारण उसनं मिळालेलं आपलं समजली. दटावणी तिथे झालीय. पाच महिन्यांनी पुन्हा तेच सांगायला तिच्याकडे काही उरलं नसावं.

पण बंड म्हणायला अडचण ही: नातवंडांवरच्या या कविता १६७८ मध्ये बॉस्टनला छापलेल्या संग्रहात आहेत. तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, त्याच समाजात, उघडपणे. त्या लोकांना त्यात आक्षेपार्ह काही दिसलं नाही. आणि शंकांचं ते पत्र? मुलांना धर्मात पक्कं करायला लिहिलेलं आहे. मीही इथून गेले, तुम्हीही जाल, हा त्याचा सूर. शंका कबूल करणं हे त्यांच्याकडे प्रामाणिकपणाचं लक्षण. चर्चचं पूर्ण सभासदत्व मिळवतानाही आपल्या अंतरात काय घडलं ते सांगावं लागे.

---

मात्रावृत्त

एलिझाबेथवरच्या कवितेबद्दल कुणी बोललं नाही, आणि रचनेत ती तिन्हींत सर्वांत घट्ट. १४ ओळी, पण सुनीत (सॉनेट) नाही: सात-सात ओळींची दोन कडवी, यमक अबअबककक. पहिल्या सहा ओळी दहा अक्षरांच्या, सातवी बाराची. दोन्ही कडव्यांत शेवटच्या तीन ओळींचं यमक एकच, 'एट'चं: फेट, टर्मिनेट, स्टेट, मग इरॅडिकेट, डेट आणि पुन्हा फेट. नियतीवरून निघून नियतीवरच येते.

आता दुसऱ्या कडव्याचा युक्तिवाद बघा. झाडं वाढली की कुजतात, पिकली की प्लम-सफरचंदं गळतात, धान्य-गवत हंगामात कापलं जातं, उंच आणि बळकट ते काळ खाली आणतो. इथवर निसर्गक्रम. पण नुकतं लावलेलं रोप उपटलं जाणं, नुकती उमललेली कळी संपणं, हे फक्त 'त्याच्या' हातून. सांत्वन म्हणून वाचलं तर: हे आंधळ्या निसर्गाने केलेलं नाही, हेतूने झालंय. आरोप म्हणून वाचलं तर: निसर्गाने हे कधीच केलं नसतं. वाक्य एकच, आणि ते लांबलेल्या सातव्या ओळीवर येऊन थांबतं. माझं मत, तिला दोन्ही म्हणायचं होतं.

---

शमी

एक मूलभूत प्रश्न. प्युरिटन ज्याला मानत त्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या शिकवणीत सगळेच जन्मतः पापी, आणि तारण फक्त देवाने आधीच निवडलेल्यांचं. मग महिन्याभराचं मूल 'अनंत आनंदात' आहे हे ती इतक्या खात्रीने कसं लिहिते?

---

गोदाकाठ

नेमका प्रश्न. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीत (कॅल्व्हिनच्या वाटेच्या चर्चच्या श्रद्धेच्या अधिकृत मांडणीत) म्हटलंय की बालपणी मरणाऱ्यांपैकी 'निवडलेल्यांना' तारण मिळतं. सगळे निवडलेले की काही, ते उघडंच ठेवलंय. १६६२ मध्ये मायकेल विगल्सवर्थचं न्यायाच्या दिवसावरचं २२४ कडव्यांचं दीर्घकाव्य आलं, न्यू इंग्लंडमध्ये (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत) घरोघरी वाचलं गेलं. त्यात न निवडलेली तान्ही मुलं देवाशी वाद घालतात: खाल्लं आदामाने, शिक्षा आम्हाला का? उत्तर मिळतं की तुम्ही पापीच, पण तुम्हाला नरकातली सर्वांत सोयीची खोली देऊ.

तिची नातवंडं गेली ती या पुस्तकानंतरच्या सात वर्षांत. मात्र चर्चच्या सभासदांची मुलं देवाने आपल्या लोकांशी केलेल्या कराराच्या आत धरली जात, त्यांच्याबद्दल आशा बाळगायला आधार होता. ब्रॅडस्ट्रीट त्या आशेला सरळ खात्री करून टाकते. आणि नात अ‍ॅनच्या कवितेत 'तू माझ्याकडे येणार नाहीस, मी तुझ्याकडे येईन' ही ओळ २ शमुवेल १२:२३ मधली, दावीदाचं तान्हं मूल गेल्यावरची. तान्ह्या मुलांच्या तारणासाठी पाळक हाच दाखला देत. निवड अचूक आहे.

---

उंबरठा

या कविता लिहिल्याच का जात, त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. सुरुवातीच्या न्यू इंग्लंडमध्ये दफनाच्या वेळी काहीच विधी नसे. मृतांसाठी प्रार्थना म्हणजे कॅथलिकपणा. थॉमस लेकफर्डने १६४२ मध्ये नोंदवलंय: घंटा वाजते, शेजारीपाजारी जमतात, गंभीरपणे थडग्यापर्यंत नेतात, पुरेपर्यंत उभे राहतात; वाचन नाही, प्रवचन नाही. पाळकही नुसता हजर. मग बोलायचं कुठे? शोककवितेत. पुढे पुढे त्या तिरडीला टाचल्या जाऊ लागल्या, एकपानी छापून वाटल्याही गेल्या.

आणि मग साचा झाला. १७२२ मध्ये बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात सोळा वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने विधवेच्या टोपणनावाने न्यू इंग्लंडी शोककवितेची पाककृतीच दिली: मृताचे सद्गुण घ्या, कमी पडले तर उसने आणा, शेवटचे शब्द घाला, भीषण, क्रूर, थंड मृत्यू, रडणारे डोळे वगैरे मूठभर, सगळं कालवून हार्वर्डच्या एखाद्या पोराच्या रिकाम्या कवटीत आंबवा, मग पॉवर-फ्लॉवर अशी यमकं टाका.

ब्रॅडस्ट्रीट वाचताना हे मापाला उपयोगी पडतं. फूल, बुडबुडा, काच, सावली हा सगळा साचाच आहे, नात अ‍ॅनच्या कवितेत चारही आहेत. साच्याबाहेरचं काय ते शोधा: ट्रंक, पेटी, 'म्हणू या'.

---

मात्रावृत्त

साच्याबाहेरचं हवं असेल तर एडवर्ड टेलर. वेस्टफील्डचा पाळक, मृत्यू १७२९. विवाह आणि मुलांच्या मृत्यूवरची कविता, सहा ओळींची सात कडवी. वाफ्यात फुलं उमलतात, एक हात येऊन खुडतो, इथवर साचा. पहिली मुलगी १६७७ मध्ये गेली तेव्हा तो जवळजवळ आभारच मानतो: माझं काही घेतलंस, माझा एक भाग तुझ्याजवळ गहाण म्हणून आला. दुसरी, अ‍ॅबिगेल, १६८२ मध्ये गेली, आणि बागेच्या रूपकात एकदम वांती, किंकाळ्या, कण्हणं, सहा आठवड्यांचा ताप येतो. फुलाला ताप येत नाही. रूपक तिथे फाटतं, आणि तो ते शिवत नाही.

मग म्हणतो, निसर्ग दोष काढू पाहतो. तुझी इच्छा हाच माझा मंत्र नसता तर. पाळक माणूस देवाच्या इच्छेला जादूटोण्याचा शब्द लावतोय, हे लक्षात घ्या. या कवितेची दोनच कडवी त्याच्या हयातीत छापली गेली, १६८९ मध्ये बॉस्टनचा पाळक कॉटन मॅदर याच्या पुस्तकात. बाकी टेलर येलच्या ग्रंथालयात पडून होता, तो १९३७ मध्ये थॉमस जॉन्सनने बाहेर काढला.

---

चष्मिष्ट

मिल्टनलाही घ्या. दुसरी बायको कॅथरीन फेब्रुवारी १६५८ मध्ये गेली, लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. तान्ही मुलगी पुढच्याच महिन्यात. तो १६५२ पासून पूर्ण आंधळा. स्वप्नात बायको येते त्या सुनीतात स्वर्गात भेट होईल हा विश्वास मधेच, आठव्या ओळीच्या आसपास सांगून होतो. शेवटी ती मिठी मारायला वाकते, याला जाग येते, आणि दिवस त्याची रात्र परत आणतो. सांत्वन शेवटी ठेवायचं हा नियम प्युरिटन कवीनेच मोडलाय. म्हणजे 'ती रीतच होती' हे सगळीकडे चालत नाही.

---

अर्धविराम

मान्य. पण मिल्टन इथे इटालियन कवी पेट्रार्कच्या सुनीत-परंपरेत लिहितोय, अँडोवरच्या घरात नाही.

वाचायला घेणाऱ्यांसाठी, हमखास चुकतं ते सांगते. घराची कविता तिच्या हयातीत छापलेली नाही, १६७८ च्या संग्रहातही नाही. सुट्या कागदावरून मुलगा सायमनने उतरवून ठेवली, छापली गेली १८६७ मध्ये. म्हणून 'वाचकांना खूश करायला शेवट गोड केला' हा तर्क या कवितेला लागूच होत नाही. वाचक घरचेच होते. दुसरं, विसाव्या शतकातला अमेरिकन कवी जॉन बेरीमन याची तिच्यावरची दीर्घकविता चरित्र म्हणून वापरू नका, त्यातलं बरंच कल्पित आहे. तिसरं, १९६७ ची हेन्सली यांची आवृत्ती सोपी, पण शब्दलेखन आधुनिक केलेलं, विरामचिन्हांवरून वाद घालायचा असेल (चष्मिष्ट, तुमचा तो अर्धविराम!) तर मॅकेलरथ आणि रॉब यांची १९८१ ची बघा.

आणि एक जोडायचं राहिलं. त्या आगीत तिच्या इतिहासकाव्याच्या पुढच्या भागाचे कागदही जळाले. हे तिने दुसऱ्याच कवितेत सांगितलंय. घराच्या कवितेत ट्रंक आहे, पेटी आहे, हस्तलिखिताचा उल्लेखही नाही.

---

शमी

तुकोबांचं 'बरें जालें देवा निघालें दिवाळें' याच काळातलं ना? तुलना करता येईल?

---

गोदाकाठ

काळ तोच, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्हींवर अन्याय होईल. तुकोबांच्या दिवाळ्यातून विरक्ती निघते. इथे संसार सोडायचा नाही, त्यात राहूनच हात सैल ठेवायचा.

प्रत्यक्ष धागा जुळतो तो वेगळ्या ठिकाणी. आर्बेला जिथे लागलं त्या सेलममध्येच ६ फेब्रुवारी १८१२ ला अमेरिकन बोर्डाच्या (परदेशात धर्मप्रचारक पाठवणाऱ्या संस्थेच्या) पहिल्या मिशनऱ्यांची दीक्षा झाली, त्यांत सॅम्युएल न्यूएल आणि गॉर्डन हॉल. १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं ते यांच्यापासून. न्यूएल अँडोवरच्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) शिकलेला. त्याची बायको हॅरिएट शेजारच्या हेव्हरिलची. समुद्रात तान्ही मुलगी गेली, आणि १८१२ मध्येच मॉरिशसला ती स्वतः, वय १९. तिची रोजनिशी आणि पत्रं १८१४ मध्ये छापली गेली, प्रचंड खपली. दीडशे वर्षांनंतरही मांडणी तीच: काय गेलं ते सांगायचं, मन किती गुंतलं होतं ते तपासायचं, मग वचन. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत आणि हॉल १८२६ मध्ये नाशिकहून परतताना, दोघेही पटकीने गेले.

---

शमी

तुकोबांचा धागा शनिवारी काढते. हॅरिएटच्या पुस्तकाची १८१४ ची प्रत स्कॅन करून कुठे असेल तर कुणीतरी दुवा द्या.